बाराचा टाका

तिला सगळे टाकाताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. डोळ्यांच्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं एकच काम करत आली होती. दान आलेला डोळा हातात घ्यायचा, त्याची वरची बाजू ओळखायची आणि तिथं काळ्या दोऱ्याचा एक टाका घालायचा. डोळा एकदा खोबणीतून निघाला की गोटीसारखा गोल, त्याला ना वर ना खाली. पण त्याच्या अंगावर स्नायूंची बारीक खुंटं उरलेली असतात. ती चाचपून टाकाताई अर्ध्या मिनिटात सांगायची, हा उजवा, इकडं नाक, इकडं कपाळ. कपाळाच्या बाजूला, घड्याळात बारा असतात तिथं, टाका पडायचा. शिकलेसवरलेले डॉक्टर जे पुस्तक उघडून ठरवत, ते ही बाई भाजी निवडल्यासारखं ठरवायची आणि कधी चुकायची नाही.

टाका पडला की त्याच्या बाजूची एक पाचर ती कापून घ्यायची, कलिंगडाची फोड काढतात तशी, फक्त नखाएवढी. मग ती पाचर गोठवायची आणि थंडगार पेटीतल्या पात्यावर तिचे काप काढायचे. एका केसाच्या जाडीत असे आठ-दहा काप बसावेत, इतके पातळ. श्वास लागला तरी काप गुंडाळायचा, म्हणून काम चालू असताना टाकाताई बोलायची नाही. एरवी तिला थांबवणं अवघड.

नाव टाकाताई, पण बाईनं आयुष्यात काही टाकलं नव्हतं. पाचर घेऊन उरलेला डोळा ती, कुजू नये म्हणून, औषधाच्या पाण्यानं भरलेल्या बाटलीत ठेवायची, उजेड लागू नये म्हणून बाटलीला चंदेरी कागद गुंडाळायची, क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची आणि फ्रिजमध्ये मागं सरकवायची. फ्रिज भरला की दुसरा मागायची. तो द्यायचा स्टोअरकीपरनं, आणि स्टोअरकीपर होता निवृत्तीला आलेला, जिभेनं तिखट माणूस.

“टाकाताई, नावाला तरी जागा. टाका की थोडं,” असं तो दर वर्षी म्हणायचा.

“कुणीतरी जाताना दिलेलं आहे. मी कोण टाकणारी?” हे तिचं ठरलेलं उत्तर.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून डॉक्टरीणबाई आल्या आणि मागच्या इमारतीला जाग आली. वय पस्तिशीच्या आत, चालणं पळण्यासारखं, डबा खायचा तोही उभ्यानं. त्यांना काचबिंदूचं कोडं सोडवायचं होतं. डोळ्याच्या आत सतत पाणी पाझरत असतं. रडण्याचं नव्हे, आतलं. पांढरं आणि काळं भेटतं त्या कोपऱ्यात एक जाळी असते, मोरीच्या तोंडाशी असते तशी. जाळीमागं केसाएवढी नाली डोळ्याभोवती कड्यासारखी फिरलेली, आणि तिच्यातून ते पाणी रक्तात जातं. हा निचरा मंदावला की डोळ्यात दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं चोरीला जाते आणि घरमालकाला सगळ्यात शेवटी कळतं.

डॉक्टरीणबाईंची युक्ती झकास होती. डोळा आला की काही तासांच्या आत, जिवंतपणी असतो तेवढ्याच दाबानं, त्यात पाणी सोडायचं. पाण्यात डोळ्याला न दिसणारे चमकते कण. जिथून पाणी जाईल तिथं जाळीत कण अडकणार आणि लेसरच्या मायक्रोस्कोपखाली हिरवे उजळणार. म्हणजे निरोगी डोळ्यात पाणी कुठून जातं आणि काचबिंदूच्या डोळ्यात कुठं अडतं, याचा नकाशाच हाती येणार.

प्रत्येक डोळ्याबरोबर टाकाताईकडं एक फॉर्म यायचा. त्यात एक रकाना होता, कुठून कापायचं. पहिल्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी घाईघाईत लिहिलं, ‘नेहमीप्रमाणे’. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तेच.

हा शब्द टाकाताईच्या ओळखीचा होता. तिच्या घरात तो वीस वर्षं नांदला होता, कारण तिच्या सासूबाई त्याशिवाय वाक्य संपवत नसत. मीठ कमी पडलंय, नेहमीप्रमाणे. उशीर झालाय, नेहमीप्रमाणे. सासूबाईंना काचबिंदू होता. दारं त्यांना खांद्यावर आपटत आणि त्या घरच्यांना विचारत की दार कुणी सरकवलं. सकाळी आठला त्यांच्या डोळ्यात औषधाचा थेंब घालायचं काम सुनेचं. ज्या हातांनी केसाचे दहा काप निघत, त्या हातांतून सासूबाईंसमोर थेंब नेमका गालावर पडायचा.

“चुकला,” सासूबाई म्हणायच्या. “नेहमीप्रमाणे. सूनबाई, तुझं सगळं वरवरचं.”

आणि तरीही, वर्षभरापूर्वी अंथरुणाला खिळल्यावर, त्यांनीच कागद मागवून घेतला आणि डोळे दान केले. “घाल तुझ्या त्या यंत्रात,” त्या म्हणाल्या. “जिवंतपणी तुला माझ्या डोळ्यांत काही दिसलं नाही. मेल्यावर तरी बघ.” नणंद रडली, भांडली, आईला अशी कापणार का म्हणाली. सासूबाईंनी तिलाही गप्प केलं. शेवटी नणंदेनं एकच अट घातली. “वहिनी, काही सापडलं तर मला सांगायचं.”

प्रयोगशाळेत डोळ्यांना नावं नसतात, फक्त क्रमांक. पण सासूबाई गेल्या म्हणून टाकाताई रजेवर असताना तिथं एकच डोळा आला होता, उजवा, क्रमांक सत्तावीस. त्याला टाका डॉक्टरीणबाईंनी स्वतः घातला होता. जागा बरोबर, पण गाठ अशी की शाळेतल्या मुलीनं शिवणाच्या तासाला घालावी. टाकाताईनं रजेवरून आल्यावर ती गाठ बघितली, डोळा कुणाचा ते ओळखलं, आणि मग तिनं पाचर कापली. काचांवर काप चढवले. मायक्रोस्कोपखाली सगळं काळं.

दर रविवारी नणंदेचा फोन यायचा. मुलांची चौकशी, गुडघ्यांची चौकशी, आणि शेवटी, जणू सहज, “आईचं काही?”

“नाही अजून, वन्सं.”

एका सत्ताविसाचंच असं होतं असं नाही. एक्केचाळीस डोळे झाले, जवळपास निम्मे निरोगी, बाकीचे काचबिंदूचे, आणि सगळे काळे. कुठं चार-दोन हिरवे ठिपके, तेही भरकटलेले. डॉक्टरीणबाईंनी कण बदलले, दाब बदलला, पाण्याची बाटली बदलली. त्यांचं पळणं हळूहळू चालणं झालं. विभागाचे मोठे सर कटकटे नव्हते, पण त्यांच्याकडं लेसरच्या मायक्रोस्कोपसाठी तीन विभाग रांगेत उभे होते. त्यांनी सांगितलं की शुक्रवारी बैठक, त्यात हे काम बंद करायचं. काम बंद म्हणजे नियमानं बाटल्याही बंद. गाडी बुधवारचीच असते, म्हणून बैठकीच्या आधीच, बुधवारी चार वाजता ती येईल, एक्केचाळीस बाटल्या तिच्यात जातील आणि रीतसर त्यांची विल्हेवाट लागेल.

बुधवारी साडेतीनला स्टोअरकीपर ढकलगाडी घेऊन आला. त्या दिवशी त्यानं विनोद केला नाही. तीन पेट्या भरल्या, कागदावर सही केली आणि निघाला. टाकाताई भिंतीकडं तोंड करून पाती पुसत बसली. पाती आधीच स्वच्छ होती. सत्तावीस क्रमांक कुठल्या पेटीत गेला हे तिनं बघितलं नाही, आणि रविवारी वन्संना काय सांगायचं हेही तिला सुचेना.

शेजारच्या टेबलावर डॉक्टरीणबाई शेवटचा अहवाल लिहीत होत्या. लिहिताना पुटपुटायची त्यांना सवय होती.

“एक्केचाळीस डोळे. प्रत्येकाच्या चार काचा. म्हणजे चारही बाजू मिळून एकशे चौसष्ट…”

टाकाताईचा हात थांबला. “चार बाजू कुठल्या, मॅडम?”

“वर, खाली, नाकाकडची, कानाकडची. एक, दोन, तीन, चार. काचांवर आकडे नाहीत का?”

“ते आकडे बाजूंचे नाहीत. एकाच पाचरीच्या चार काचा करते मी. एक फुटली, एकीवर बुडबुडा आला, तरी दोन हाताशी राहतात.”

“एकाच पाचरीच्या?” डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. “कुठल्या?”

“बाराच्या. टाक्यापाशी. तुम्हीच लिहिता ना, नेहमीप्रमाणे.”

 डॉक्टरीणबाईंच्या आधीच्या प्रयोगशाळेत नेहमीप्रमाणे म्हणजे चारही बाजूंनी. टाकाताईच्या प्रयोगशाळेत नेहमीप्रमाणे म्हणजे बारा. एका शब्दावर दोघी दोन वर्षं गोडीगुलाबीनं बोलल्या होत्या आणि एकमेकींचं अक्षरही कळलं नव्हतं. दोघींपैकी कुणी एकदा जरी मूर्खासारखा प्रश्न विचारला असता! पण हुशार माणसं मूर्ख प्रश्न विचारत नाहीत, आणि मग एक्केचाळीस डोळ्यांचे बारा वाजतात.

“निचरा सगळीकडून सारखा होतच नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत चालला होता. “हे माहीत होतं मला, म्हणून तर चार बाजू हव्या होत्या. कुठं भरपूर पाणी जातं, कुठं थेंबही नाही. बाराला कोरडं असेल तर आपण एक्केचाळीस वेळा कोरड्याच जागी बघितलं. ताई, उरलेले डोळे कुठं आहेत?”

भिंतीवरच्या घड्याळात चारला आठ मिनिटं कमी होती. टाकाताई उठली आणि पळाली.

चोपन्नाव्या वर्षी माणूस पळतो तेव्हा आधी त्याला स्वतःलाच ते खरं वाटत नाही. लिफ्ट तळाशी होती, तिची वाट कोण बघणार. दोन जिने, मागचा बोळ, बोळाच्या टोकाला धुण्याची टोपली, तिला वळसा, आणि मागचं अंगण. एक चप्पल जिन्यावरच राहिली. अंगणात गाडी उभी होती. दोन पेट्या आत गेल्या होत्या, तिसरी चालकाच्या हातात होती.

टाकाताई गाडीच्या दारात आडवी उभी राहिली. बोलायला श्वास नव्हता, म्हणून तिनं फक्त हात पसरले.

“बाई, सही झालीय,” चालक म्हणाला.

“सही कुणाची?” स्टोअरकीपरनं विचारलं.

“तुमचीच की.”

“मग खोडायलाही मीच लागतो.” त्यानं चालकाच्या खिशातला कागद काढून घेतला, सहीवर आडवी रेघ मारली आणि टाकाताईकडं वळला. “वीस वर्षं सांगतोय टाका, तर टाकलं नाही. आज एकदाचं टाकलं, तर लगेच परत. चप्पल कुठं टाकली?”

“जिन्यात,” टाकाताई म्हणाली, आणि पहिली पेटी स्वतः उचलली.

आता हातात काय होतं? शुक्रवारी अकराला बैठक. पाचर कापली की तिला आधी साखरेच्या पाण्यात मुरवावं लागतं, नाहीतर गोठताना बर्फाचे काटे तिला फोडून टाकतात. म्हणजे आज कापायचं, उद्या गोठवायचं, उद्याच बघायचं. तेवढ्या वेळात तीन डोळे होतील, जास्त नाही.

“एक निरोगी, दोन काचबिंदूचे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कुठले घेता?”

“तीन नंबर, एकोणीस,” टाकाताई म्हणाली. मग जरा थांबून, “आणि सत्तावीस.”

“सत्तावीसच का?”

“सासूबाई आहेत.”

 डॉक्टरीणबाईंनी सत्तावीस क्रमांकाची बाटली पेटीतून काढली आणि दोन्ही हातांनी टाकाताईला दिली.

गुरुवारी सकाळपासून टाकाताईचं पातं चालू झालं. तीन डोळे, प्रत्येकी तीन नव्या बाजू, आणि या वेळी काचांवर आकडे बाजूचेच, तीन, सहा आणि नऊ. घड्याळाच्या हिशोबानं उजव्या डोळ्यात नाक येतं तीनला आणि कान नऊला, डाव्यात नेमकं उलटं. हे तिनं जाड अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं, खाली सही केली आणि तिलाही करायला लावली. पुन्हा समजुतीचा घोटाळा नको.

दुपारी दोघी अंधाऱ्या खोलीत शिरल्या. लेसरचा मायक्रोस्कोप तिथं होता, आणि शेजारी पडदा. पहिली काच निरोगी डोळ्याची, तीन नंबरची, सहाची म्हणजे खालची बाजू. पडद्यावर पेशींचे निळे ठिपके उमटले. मग जाळीचे धागे. मग नालीची काळी फट, बारीक, डोळा किलकिला करावा तशी. डॉक्टरीणबाईंनी कण उजळवणारा लेसर लावला.

जाळी पेटली. चार-दोन ठिपके नव्हेत, अख्खी जाळी हिरवी, धाग्याधाग्यावर कण, थेट नालीच्या काठापर्यंत. टाकाताईनं सव्वीस वर्षांत हजारो काप काढले होते, पण ते सगळे मेलेल्या गोष्टींचे फोटो वाटत. हे तसं नव्हतं. इथून पाणी गेलं होतं, आणि जाताना पाऊल उमटवून गेलं होतं.  डॉक्टरीणबाई, ज्या डबासुद्धा उभ्यानं खात, त्या खुर्चीत बसल्या.

“ताई,” त्या म्हणाल्या, “चालतंय. दोन वर्षं चालतंच होतं.”

पुढची काच, तेवढीच हिरवी. कानाकडची, अर्धी. म्हणजे खरंच, एकाच डोळ्यात कुठं नदी आणि कुठं वाळवंट. एकोणीस नंबर काचबिंदूचा होता, त्यात खालच्या बाजूला एक फिकट पट्टा निघाला, बाकी सगळं काळं. डॉक्टरीणबाई भराभर चित्रं साठवत होत्या, आकडे बोलत होत्या, मध्येच हसत होत्या. टाकाताईही हसत होती, पण तिच्या हातात सत्ताविसाच्या काचा होत्या.

नऊ. काळं. सहा. काळं.

“तीनची लावते,” डॉक्टरीणबाई आता हळू बोलत होत्या. निळे ठिपके आले, जाळी आली, काही ठिकाणी धागे एकमेकांना चिकटून गेलेले. लेसर लागला. काळं.

“ताई, कधीकधी पूर्ण बंद…”

“काप जरा तिरका बसलाय,” टाकाताई म्हणाली. “वरवर नका बघू. अजून खाली जा.”

डॉक्टरीणबाईंनी चाक फिरवलं. मायक्रोस्कोप कापाच्या आत थराथरानं उतरू लागला. एक थर, दुसरा, तिसरा. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा धागा दिसला. आणखी खाली गेल्यावर धाग्याची चिंचोळी पट्टी झाली, जाळीच्या एवढ्याशा भागातून वाट काढत नालीच्या तोंडाशी पोचलेली, आणि नाली तिथं उघडी होती.

“इथून जात होतं पाणी,” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. “सगळी जाळी तुंबलेली, आणि ही एक वाट शेवटपर्यंत चालू. ही का टिकली हे कळलं ना, ताई, तर बाकीच्या कशा उघडायच्या हेही कळेल. हाच डोळा हवा होता मला.”

टाकाताईला पडदा नीट दिसेना. रोज सकाळी आठला गालावर ओघळणारा थेंब तिला आठवला, आणि ते वटारलेले, काही न दिसणारे डोळे. तिनं ॲप्रनच्या बाहीनं डोळे पुसले, कारण चित्र तिला धडपणे बघायचं होतं.

शुक्रवारच्या बैठकीत चित्रं दाखवायच्या आधी टाकाताई उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बैठकीत ती याआधी कधी बोललीही नव्हती. “चूक माझीपण आहे, सर,” ती म्हणाली. “टाका बाराला असतो तो वर कुठं आहे ते कळावं म्हणून. तिथंच कापा असं कुणी सांगितलेलं नव्हतं. जवळ पडतं म्हणून मी तिथंच कापत आले.”

“सव्वीस वर्षं?” मोठ्या सरांनी विचारलं. “म्हणजे आपल्या कपाटातली प्रत्येक काच…”

“बाराची. पण उरलेले डोळे आहेत, सर. सगळ्यांचे. मी टाकले नाहीत.”

ज्यांनी परवा त्यातल्या एक्केचाळीस बाटल्या टाकायच्या आदेशावर सही केली होती, ते सर थोडा वेळ समोरच्या कागदांत काहीतरी शोधत राहिले. मग त्यांनी दिवे घालवायला सांगितले आणि चित्रं बघितली. सत्तावीस नंबर त्यांनी तीनदा मागं घेऊन बघितला. काम चालू राहिलं, मायक्रोस्कोप जागचा हलला नाही, आणि स्टोअरकीपरला आणखी एका फ्रिजची मागणी गेली.

रविवारपर्यंत थांबणं टाकाताईला जमणार नव्हतं. संध्याकाळी सुटल्यावर मागच्या इमारतीच्या पायरीवर बसूनच तिनं फोन लावला.

“आज शुक्रवार आहे,” नणंद घाबरून म्हणाली. “काय झालं?”

“वन्सं, सापडलं.”

 मग टाकाताईनं सगळं सांगितलं, एका दमात, फॉर्मवरच्या त्या शब्दापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून हिरव्या वाटेपर्यंत. “सगळीकडं तुंबलेलं होतं. फक्त नाकाकडच्या बाजूला एक वाट उघडी होती.”

“नाकाकडच्या,” नणंद म्हणाली. “राग नाकाच्या शेंड्यावर आणि वाटही तिथंच. आणि तू इतके दिवस कुठं बघत होतीस?”

“वर.”

“फक्त वर?”

“फक्त वर.”

नणंद आधी हसली की आधी रडली, ते टाकाताईला फोनवरून कळलं नाही. “म्हणजे आई म्हणायची ते काही खोटं नव्हतं. वहिनी, तुझं सगळं वरवरचं. बरोबर होती ती.”

“हो,” टाकाताई म्हणाली. “नेहमीप्रमाणे.”